लांब कड डावीकडे

फुमिए-सानबद्दल चार शब्द लिहून द्या, असं प्रयोगशाळेतून पत्र आलं. एकतीस वर्षं ज्या बाईंच्या शेजारी उभं राहून काम केलं, त्यांच्याबद्दल चार शब्द. दिले लिहून. शांत, कष्टाळू, हसतमुख, नव्या मुलांना आधार. छापूनही आले, खाली माझं नाव, कुरिहाशी, निवृत्त. वाचून माझी मलाच शिसारी आली. त्यात खोटं काही नव्हतं, पण जे खरं होतं ते मी दाबून ठेवलं होतं. म्हणून हे दुसऱ्यांदा लिहितोय. हे कुणी छापलं नाही तरी चालेल.

त्यांचं काम हिऱ्याच्या सुया घडवायचं. अंगठीतला हिरा नव्हे. आमच्याच तळमजल्यावरच्या भट्टीत वायूतून थरावर थर चढवून वाढवलेला, करंगळीच्या नखाहून लहान, काचेसारखा आरपार दिसणारा तुकडा. त्याच्यावर सुया कोरायच्या, केसाच्या रुंदीत तीनशे मावतील इतक्या बारीक. आणि नुसती सुई होऊन भागत नाही. तिच्या टोकाशी, आतल्या बाजूला, एक अणू गायब असावा लागतो आणि त्याच्या शेजारी नायट्रोजनचा एक अणू बसलेला असावा लागतो. एवढीशी खोट. तिच्यावर हिरवा प्रकाश टाकला की ती लाल उजळते, आणि जवळ कुठं चुंबकत्व असलं की तिचा उजेड बदलतो. अशी सुई एखाद्या वस्तूवरून हळूहळू फिरवली की तिथलं इतकं बारीक चुंबकत्व कळतं, जे दुसऱ्या कशानं कळत नाही. आमच्याकडे खोट असलेल्या सुईला डोळस म्हणायचे आणि खोट नसलेलीला आंधळी. सगळ्या हिऱ्यांतून डोळस सुया किती निघाल्या, यावर आमचं वर्ष चांगलं की वाईट ते ठरायचं.

फुमिए-सान आल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या, काचेची भांडी धुवायला घेतलेल्या. वडील त्सुचिउराच्या बाजूला चिखलात उतरून कमळकाकड्या काढायचे, आई किमोनो शिवून द्यायची. आम्लाचं टेबल माझं होतं आणि माझ्या टेबलाबद्दल कुणी बोललेलं मला खपायचं नाही. तिसऱ्या दिवशी ही बाई माझ्यासमोर एक बाटली घेऊन उभी.

"कुरिहाशी-सान, हिच्यावर 'धुतली' असं तुम्ही लिहिलंय."

"मग?"

"गळ्याशी डाग आहे."

"डाग काचेतच आहे."

त्यांनी बाटली धुऊन आणली आणि माझ्यापुढं ठेवली. डाग गेला होता. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही, पण त्या रोज सकाळी मान लववून नमस्कार करत राहिल्या, त्यामुळं रुसायची मजाच गेली. वर्षभरात चिमटा त्यांच्या हातात आला आणि मग त्यांचा हात धरणारं कुणी उरलं नाही. केसाएवढ्या पातळ हिऱ्याची चकती चिमट्यानं उचलायची म्हणजे श्वाससुद्धा विचारून घ्यायचा. माझ्या हातून वर्षाला दोन-तीन फुटायच्या. त्यांच्या हातून एकतीस वर्षांत चार फुटल्या, आणि त्या चारही तारखा त्यांना पाठ होत्या.

आठ फेब्रुवारीला आईबरोबर देवळात जायची त्यांना लहानपणापासून सवय. त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या बायका वर्षभरात मोडलेल्या सुया घेऊन येतात आणि मऊ तोफूमध्ये, म्हणजे सोयाबीनच्या पनीरमध्ये, खोचतात. कडक कापडातून वर्षभर धावलेल्या सुयांना शेवटी मऊ जागा मिळावी, एवढंच. फुमिए-सान आमच्या मोडक्या हिऱ्याच्या सुयाही डबीत भरून नेऊ लागल्या. पोरं टिंगल करायची.

"फुमिए-सान, हिऱ्याला कसलं आलंय दुखणं?"

"दुखत नाही. दमतो मात्र."

"आणि तो तोफू नंतर कोण खाणार?"

"तू खा. पोटात हिरे आहेत म्हटल्यावर कुणीतरी तुझ्याशी लग्न करेल."

पुढं पुढं टिंगल करणारेच आधी कोट घालून तयार असायचे.

तळमजल्यावरची ती भट्टी इसोबे-सान सांभाळायचे. बोलायला अतिशय हळू. आपण विचारावं, जेवून यावं, तेव्हा उत्तर मिळावं असा माणूस. लग्न कसं जमलं ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही. हिरा वर पोचवायला ते स्वतः यायला लागले तेव्हा मला शंका आली होती, कारण त्याआधी सात वर्षं ते शिपायाबरोबर पाठवायचे. म्हणजे नवरा हिरा वाढवायचा आणि बायको तो कोरायची. आम्ही चेष्टेनं म्हणायचो, इसोबेंच्या घरी भांडण झालं तर जगाचं संशोधन बंद पडेल.

इसोबे-सान डावखुरे होते. शाळेत मारून मुटकून उजव्या हातानं लिहायला शिकवलेलं, पण बाकी सगळं डाव्यानं. चहाच्या खोलीत त्यांची स्वतःची किटली होती. आमच्या किटल्यांची मूठ एका बाजूला काढलेली असते, उजव्या हातानं ओतायला सोयीची. त्यांच्या किटलीची मूठ उलट बाजूला. नवखा माणूस ती उचलायचा आणि चहा स्वतःच्याच बाहीवर ओतून घ्यायचा. फुमिए-सान मात्र त्या किटलीतून डाव्या हातानं ओतायला शिकल्या होत्या. एक थेंब इकडचा तिकडं होत नसे.

त्यांचे हिरेही डावखुरे. हे नीट सांगायला हवं, कारण माझं सगळं पाप इथंच आहे. हिऱ्याच्या चकतीला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. नायट्रोजनचे अणू पुढच्या बाजूनं आत सोडतात आणि ते जेमतेम कातडीखाली बसतात. सुया त्याच बाजूवर कोरायच्या. पण चकती आरपार दिसणारी, दोन्ही बाजू सारख्याच. म्हणून एक कोपरा जरासा तोडून ठेवायचा, तिरका, एक कड लांब आणि एक आखूड. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. लांब कड उजवीकडं असली की पुढची बाजू वर आहे. सगळे असंच करतात. इसोबे-सान डाव्या हातानं कोपरा तोडायचे, त्यामुळं त्यांची लांब कड डावीकडं यायची. सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. ते हो म्हणायचे आणि पुढचा हिरा पुन्हा तसाच. शेवटी मी भिंतीवर चिठ्ठी लावली, "इसोबेंचे हिरे: लांब कड डावीकडे". ती एकवीस वर्षं तिथं होती.

मग इसोबे-सानना स्वादुपिंडाचा आजार निघाला. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी एक हिरा वाढवला, सगळ्यात शुद्ध. अशा हिऱ्यातली सुई आधीच्या कुठल्याही सुईपेक्षा खोल बघेल, असं आमचे होनजो सर म्हणत. पण भट्टीत किती वायू, किती वेळ, ते इसोबे-सानच्या बोटांना माहीत. कागदावर अर्धंच. इस्पितळात मी भेटायला गेलो तेव्हा ते उशाला टेकून बसले होते, फुमिए-सान सफरचंद सोलत होत्या.

"सुया झाल्या की," ते म्हणाले, आणि मग आम्ही वाट पाहिली. "एक तरी डोळस निघाली की मला सांग."

"तुम्हीच येऊन बघा की," फुमिए-सान म्हणाल्या.

"मी नसलो तरी सांग."

नोव्हेंबरात ते गेले. भट्टी थंड झाली. तो शेवटचा हिरा नायट्रोजन भरायला दुसऱ्या शहरात गेला होता, तिथला नंबर लागून परत यायला जवळजवळ वर्ष गेलं. तोवर आम्ही बाहेरून आणलेले हिरे वापरत होतो, सगळे लांब कड उजवीकडचे. भिंतीवरची चिठ्ठी पिवळी पडली आणि कुणीतरी काढून टाकली. कुणीतरी काय, मीच काढली. भिंत पुसताना.

हिरा आला तेव्हा फुमिए-सानच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. त्या डबी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. "एवढी एक सुई निघाली की झालं, कुरिहाशी-सान. तेवढी त्यांना सांगितली की मी सुटले." मला त्यांचं तसं बोलणं आवडलं नाही, मी काहीतरी थट्टा केली.

आम्लात उकळायचा दिवस आणि इसोबे-सानच्या वर्षश्राद्धाचा दिवस एकच आला. दुसऱ्या दिवशी कोरायचं यंत्र आमच्या नावावर होतं. नंबर सोडला असता तर पुढचा जानेवारीत. फुमिए-सान काळ्या कपड्यांत आल्या, आठ वाजता, देवळात जाण्यापूर्वी.

"उद्याचं पुढं ढकलते."

"मी मेलोय का? जा तुम्ही. भटजी वाट बघत असतील."

"डबीत ठेवताना पुढची बाजू वर. आणि त्यांचा हात लक्षात ठेवा."

"मला शिकवताय? तुम्ही बाटल्या धूत होता तेव्हापासून मी हे करतोय."

त्या हसल्या, वाकून नमस्कार केला आणि गेल्या. मी हिरा तीन आम्लांत सहा तास उकळला, धुतला, वाळवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लांब कड डावीकडं दिसली. मला आठवतं मी काय म्हणालो ते. म्हणालो, अरे, ही उलटी पडली वाटतं. आणि चिमट्यानं उलटी केली, लांब कड उजवीकडं आणली, डबीत ठेवली, आणि कामाच्या कागदावर "पुढची बाजू वर" या ओळीपुढं माझा शिक्का मारला. इतकं सोपं होतं ते. वर्षभर हात तेच करत होता. माझ्या मनात इसोबे-सान त्या क्षणी नव्हतेच.

कागदावर दोन शिक्के लागतात, करणाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा. सकाळी फुमिए-सान आल्या, डोळे सुजलेले. माझा शिक्का पाहिला, शेजारी आपला मारला आणि डबीतली वरची बाजू खाली करून हिरा चिकटवायला घेतला. मागची बाजू झिजवून चकती पातळ करायची होती. प्रत्यक्षात आता वर होती ती पुढची बाजू. त्यांनी वर्षभर वाट पाहिलेले ते अणू पहिल्या दोन मिनिटांत धूर होऊन गेले.

हे कुणालाच कळलं नाही. पुढं अडीच महिने त्यांनी त्या हिऱ्यावर जे काम केलं तसं मी आयुष्यात पाहिलं नाही. चारशे बारा सुया. एकही वाकडी नाही, एकही मोडकी नाही. होनजो सर पडद्याकडं बघून म्हणाले, "फुमिए-सान, याचं चित्र मी भिंतीवर लावणार."

"आधी डोळस आहेत का बघू या," त्या म्हणाल्या.

जानेवारीच्या अखेरीला हिरवा प्रकाश लावला. पहिली सुई आंधळी. ते होतंच, सगळ्या कधीच डोळस नसतात. दहावी, पन्नासावी. दुपारी जेवायला कुणी उठलं नाही. त्या खुर्चीत बसून एकेक सुई स्वतः बघत होत्या आणि कागदावर रेघ ओढत होत्या. तीनशेनंतर सर म्हणाले, पुरे. त्या म्हणाल्या, "राहिलेल्यांपैकी एखादी असेल." चारशे बारा रेघा झाल्या. मग त्यांनी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, सुया वर, आणि कोपरा पाहिला. लांब कड उजवीकडं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. इतरांनाही अर्धं कळलं, की हिरा कुठंतरी उलटा झाला आणि सुया मागच्या बाजूवर कोरल्या गेल्या. उलटा व्हायला जागा दोनच, डबीत ठेवताना किंवा चिकटवताना.

फुमिए-सान माझ्याकडं वळल्या. आवाजात आरोप अजिबात नव्हता.

"कुरिहाशी-सान, तुम्ही ठेवलात तेव्हा लांब कड डावीकडं होती ना?"

"होती," मी म्हणालो.

एक शब्द. मी तो का बोललो याचा पुष्कळ विचार केलाय. नोकरी जाणार नव्हती, सर ओरडणारे नव्हते. सगळे बघत होते आणि मी त्या खोलीतला सगळ्यात जुना माणूस होतो, बस. लाज वाटली आणि मी खोटं बोललो.

"मग मीच," त्या म्हणाल्या. "चिकटवताना बघितलं असेल. पण काय बघितलं ते आठवतच नाही. आदल्या दिवशीचा धूप डोक्यात होता." आणि त्या कमरेत वाकून सगळ्यांची माफी मागू लागल्या. माझीसुद्धा. माझं काम वाया घालवलं म्हणून. मी म्हणालो, असू दे.

आठ फेब्रुवारीला देवळात मी ठरवून गेलो होतो. सांगून टाकायचं. थंडी होती, बायका रांगेत होत्या. फुमिए-सानच्या डबीत या वेळी मोडक्या सुया नव्हत्या, तो पूर्ण हिरा होता, चारशे बारा सुयांसकट. सरांना विचारून आणला होता. तोफूपुढं त्या बराच वेळ थांबल्या.

"दमलेल्यांना इथं मऊ जागा मिळते," त्या म्हणाल्या. "ह्या तर एक दिवससुद्धा राबल्या नाहीत. ह्यांना ठेवू का नको, कळत नाही."

"ठेवा," मी म्हणालो. "फुमिए-सान, मला एक सांगायचंय."

"आधी मी सांगते, नाहीतर राहून जाईल." त्यांनी हिरा सुया खाली करून तोफूत दाबला, अगदी हळू. "आठवडाभर मला वाटत होतं की एका वर्षात इसोबेंना सगळेच विसरले. मीसुद्धा. त्यांची बायको असून कड बघायला विसरले मी. मग वाटलं, नाही, कुरिहाशी-सानच्या लक्षात होतं. मी कामावर नसताना, चिठ्ठी नसताना, तुम्ही त्यांचा हात लक्षात ठेवलात. तेवढं एक आहे म्हणून मला रात्री झोप लागते. तुमचे आभार मानायचे राहिले होते." आणि त्यांनी मान लववली.

सांगितलं तर त्यांच्या हातचं ओझं उतरलं असतं आणि तेवढी एक झोपही गेली असती. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला सुटका मिळाली होती आणि मी ती घेतली.

"तुम्ही काय सांगणार होता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. थंडी फार आहे."

सर म्हणत होते, निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन दिवस या, तुमच्यासारखा हात मिळणार नाही. त्या नाही म्हणाल्या. ज्या हातानं त्यांचा हिरा उलटा चिकटवला तो हात दुसऱ्यांच्या हिऱ्याला कसा लावू, असं म्हणाल्या. एकतीस मार्चला चिमटा स्वच्छ पुसून खणात ठेवला. बासष्ट वर्षांच्या होत्या. अजून पाच वर्षं सहज काम केलं असतं. ती पाच वर्षं मी घेतली.

त्या माहेरी कमळकाकडीच्या तळ्यांजवळ राहायला गेल्या. मी वर्षातून दोनदा जायचो, इसोबे-सानच्या थडग्यावर फुलं ठेवायला म्हणून. त्या कमळकाकडी परतून वाढायच्या आणि त्या किटलीतून डाव्या हातानं चहा ओतायच्या. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "त्यांना अजून काही सांगितलं नाही. एक तरी डोळस निघाली की सांग म्हणाले होते. काय सांगू?" मी वाटीतला चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. चार वर्षं असंच गेलं. प्रत्येक वेळी जाताना वाटायचं, आज. परत येताना वाटायचं, पुढच्या खेपेला.

सप्टेंबरात झोपेत गेल्या. हृदय बंद पडलं.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकल्यावर त्यांची भाची तामाए माझ्याकडं आली, हातात कापडात बांधलेलं खोकं. "मावशीनं कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवलं होतं. तुमच्यासाठी हे." आत किटली होती, मूठ उलट बाजूची. मुठीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. कामाच्या कागदावर लिहायच्या तशाच सुबक अक्षरात, "कुरिहाशी-सानना द्यावी. त्यांच्या लक्षात राहतं."

तामाए समोर बसली होती म्हणून मी चहा करायला उठलो. त्याच किटलीतून. उजव्या हातानं उचलली आणि सगळा चहा माझ्याच बाहीवर आला.

"अहो, ती डाव्या हाताची आहे," ती म्हणाली. "विसरलात का?"

"हो," मी म्हणालो. "विसरलो."

तिला वाटलं मी किटलीबद्दल बोलतोय. तिनं फडकं आणून दिलं आणि मी बाही पुसत बसलो.